वजन तेच, खड्डा उथळ

अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका लहान गावात, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, विशीतल्या एका धिप्पाड तरुणाने मोकळ्या जागेत खड्डा खणला. खड्ड्याच्या दोन्ही काठांवर वजने टेकतील असा एक जाड लोखंडी बार त्याने आडवा ठेवला. बारच्या टोकांना वजन इतके होते, की ते खांद्यावर घेऊन पूर्ण बैठक मारणे त्याला शक्य नव्हते. तो खड्ड्यात उतरला, गुडघे किंचित वाकवून बारखाली खांदे लावले आणि पाय सरळ केले. वजन काठावरून चार बोटे वर उचलले गेले आणि पुन्हा खाली टेकले. असे त्याने अनेकदा केले. काही दिवसांनी त्याने खड्ड्यात थोडी माती टाकली. आता तो आधीपेक्षा जरा उंचावर उभा होता. त्यामुळे त्याच बारखाली खांदे लावण्यासाठी त्याला गुडघे थोडे जास्त वाकवावे लागले. पुन्हा काही दिवसांनी आणखी माती. असे होत होत खड्डा भरत आला, तेव्हा जे वजन सुरुवातीला चार बोटे उचलता येत होते, त्याच वजनाने तो पूर्ण बैठक मारू लागला होता.

हा तरुण म्हणजे पॉल अँडरसन. १९५५चा जागतिक विजेता आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला हेवीवेट गटातला सुवर्णपदक विजेता भारोत्तोलक. जगातला सर्वांत बलवान माणूस अशी त्याची ओळख अनेक वर्षे होती. त्याने किती वजन उचलले याची चर्चा खूप झाली. मात्र नियमित व्यायाम करणाऱ्या सामान्य माणसाच्या कामाची गोष्ट त्या खड्ड्यात आहे. ताकद वाढता वाढता एका जागी अडते, तेव्हा काय करायचे, या प्रश्नाचे एक उत्तर त्याने फावड्याने शोधले होते.

पॉलचा जन्म १७ ऑक्टोबर १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातल्या टोकोआ या गावी झाला. पाच वर्षांचा असताना त्याला त्या वेळी ब्राइट्स डिसीज या नावाने ओळखला जाणारा आजार झाला. हा मूत्रपिंडाचा दाह. मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म जाळ्यांना सूज येते, लघवीतून प्रथिने वाहून जाऊ लागतात, अंगावर सूज चढते, रक्तदाब वाढतो. त्या काळी पेनिसिलिन सामान्य रुग्णांपर्यंत पोहोचले नव्हते. डायलिसिस आणि प्रत्यारोपण हे उपचार तर अस्तित्वातच नव्हते. विश्रांती आणि पथ्य एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. पॉल त्यातून वाचला, पण त्या आजाराची छाया आयुष्यभर त्याच्या सोबत राहिली.

पुढे हा मुलगा अंगाने भक्कम झाला. शाळेत तो अमेरिकन फुटबॉल उत्तम खेळू लागला आणि त्याच खेळाच्या शिष्यवृत्तीवर १९५०मध्ये साउथ कॅरोलायनातल्या फर्मन विद्यापीठात दाखल झाला. फुटबॉलसाठी पाय मजबूत व्हावेत म्हणून त्याने तिथे वजने उचलायला सुरुवात केली. खांद्यावर बार घेऊन मारायची बैठक, म्हणजे स्क्वॉट, हा त्याचा आवडता व्यायाम झाला. वजनांची गोडी इतकी लागली, की फुटबॉल मागे पडला आणि वर्षभरातच त्याने विद्यापीठ सोडले.

त्याचे आई-वडील तोवर टेनेसी राज्यातल्या एलिझाबेथटन इथे राहायला गेले होते. तिथून जवळच, जॉन्सन सिटीच्या परिसरात, बॉब पीपल्स नावाचा शेतकरी राहत असे. हा साधा शेतकरी नव्हता. स्वतः सुमारे ८२ किलो वजनाच्या या माणसाने १९४९मध्ये जमिनीवरून ३२९ किलो वजन उचलले होते. डेडलिफ्ट या प्रकारातला तो त्या काळचा विक्रम होता. व्यायामाची साधने तो स्वतः बनवत असे. बार हव्या त्या उंचीवर अडवून ठेवता येईल अशी लाकडी चौकट त्याने तयार केली होती. आजच्या जिममध्ये दिसणाऱ्या पॉवर रॅकचे ते एक आद्य रूप होते. पेलवणार नाही असे वजन आधी उंचावरून थोडेसे उचलायचे आणि मग हळूहळू खाली यायचे, हा प्रयोग पीपल्स करत असे. १९५२च्या सुमारास पॉल त्याच्याकडे आला. पॉलने खांद्यावर सुमारे २५० किलो घेऊन बैठका मारलेल्या पाहून पीपल्स थक्क झाला. त्या काळी हा आकडा जागतिक विक्रमाच्या जवळपास होता. भारोत्तोलनाच्या वर्तुळात पॉलचे नाव पोहोचवण्यात या शेतकऱ्याचा मोठा वाटा होता.

पॉलकडे महागडी साधने नव्हती. त्याने सिमेंट-काँक्रीट ओतून वजने तयार केली, भंगारातले लोखंड वापरले. मात्र साधने कशीही असोत, एक अडचण प्रत्येक वजन उचलणाऱ्याच्या वाट्याला येते. सुरुवातीला ताकद भराभर वाढते आणि मग थांबते. जिमच्या भाषेत याला प्लॅटो म्हणतात, म्हणजे पठार. चढ संपतो आणि सपाट मैदान लागते. आठवड्यामागून आठवडे जातात, बारवरचा आकडा हलत नाही.

हे का होते, ते समजून घेतले तर खड्ड्यामागचे तर्कशास्त्रही समजते. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्थेची कमाई असते. स्नायूतले अधिकाधिक तंतू एकाच वेळी कामाला लावायला मेंदू आणि मज्जारज्जू शिकतात. हालचाल सफाईने होऊ लागते. स्नायूंची जाडी तेवढ्या वेळात फारशी वाढलेली नसते. हा शिकण्याचा टप्पा सरला, की पुढची वाढ प्रत्यक्ष स्नायू भरण्यावर अवलंबून राहते आणि ते काम संथ असते. शिवाय शरीर काटकसरी असते. तेच वजन, तितक्याच वेळा, त्याच क्रमाने रोज समोर आले, तर ते पेलण्यापुरती तयारी करून शरीर थांबते. जास्त तयारी करण्याचे त्याला कारणच उरत नाही.

याउलट दुसरीही एक शक्यता असते. व्यायाम भरपूर होतो, पण झोप, आहार आणि विश्रांती कमी पडते. व्यायामाने स्नायूंवर ताण येतो आणि त्यानंतरच्या विश्रांतीत ते सावरतात, बळकट होतात. सावरण्याआधीच पुन्हा ताण दिला, तर थकवा साचत जातो. अशा वेळी ताकद असूनही ती बारवर दिसत नाही. म्हणजे पठार दोन प्रकारचे असते. एक मागणी कमी पडल्यामुळे आलेले आणि दुसरे भरपाई कमी पडल्यामुळे आलेले. दोन्हींवरचे उपाय परस्परविरोधी असतात. त्यामुळे आधी आपण कोणत्या पठारावर उभे आहोत, हे ओळखावे लागते.

पॉलने मागणी बदलली. बैठक मारताना सर्वांत अवघड जागा असते ती मांड्या जमिनीला समांतर येतात तिच्या आसपास. त्या स्थितीत गुडघे आणि खुबे वजनाच्या उभ्या रेषेपासून सर्वांत दूर असतात आणि सांध्यांवरचा भार सर्वाधिक होतो. पाय जवळजवळ सरळ असतात तेव्हा हे अंतर कमी असते. म्हणून वरच्या काही इंचांत माणूस आपल्या पूर्ण बैठकीपेक्षा कितीतरी जास्त वजन पेलू शकतो. वजन अडते ते एका ठरावीक जागी, सगळीकडे नाही.

बहुतेक लोक अंतर कायम ठेवतात आणि वजन वाढवण्याचा प्रयत्न करतात. खड्ड्याने हे गणित उलटे केले. वजन कायम राहिले आणि अंतर वाढत गेले. पहिल्याच दिवसापासून पॉलच्या पाठीला, खांद्यांना आणि हाडांना मोठ्या ओझ्याची सवय होऊ लागली. बार खांद्यावर आला की मनात जी भीती उभी राहते, तीही कमी झाली. प्रत्येक वेळी टाकलेली माती मोजकी असल्यामुळे पायांसमोरचे नवे आव्हानही मोजकेच राहिले.

यातली माती टाकण्याची पायरी महत्त्वाची आहे. हालचालीच्या ज्या टप्प्यात व्यायाम केला, मुख्यतः त्याच टप्प्यात ताकद वाढते, हे पुढे व्यायामशास्त्राच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. म्हणजे पॉल खड्डा न भरता तिथेच चार बोटे उचलत राहिला असता, तर तो चार बोटे उचलण्यातच तरबेज झाला असता. आजही जिममध्ये भरमसाट वजन घेऊन अर्धवट बैठका मारणारे दिसतात. त्यांच्या खड्ड्यात माती पडत नाही, एवढाच फरक आहे. पण तो मोठा आहे.

भरपाईच्या बाबतीतही पॉलची पद्धत वेगळी होती. घाईघाईने तासाभरात व्यायाम उरकण्याऐवजी तो एक खेप झाल्यावर दीर्घ विश्रांती घेत असे. दिवसभरात असे अनेक तुकडे होत. मधल्या वेळात तो दूध पीत असे आणि त्याच्या दूध पिण्याच्या कहाण्या पुढे ताकदीइतक्याच प्रसिद्ध झाल्या. आज जास्तीत जास्त ताकदीसाठी व्यायाम करणाऱ्यांना दोन खेपांमध्ये तीन ते पाच मिनिटे थांबायला सांगितले जाते. पॉलची विश्रांती त्याहून कितीतरी मोठी असे. तत्त्व मात्र तेच होते. पुढची खेप ताज्या अंगाने व्हायला हवी.

या मेहनतीचे फळ जगाला दिसले ते जून १९५५मध्ये. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत अमेरिकेचा भारोत्तोलन संघ सोव्हिएत रशियात गेला. मॉस्कोच्या गॉर्की पार्कमधल्या खुल्या नाट्यगृहात, पावसाळी हवेत, हजारो प्रेक्षकांसमोर सामना झाला. सोव्हिएत खेळाडू अलेक्सी मेदवेदेव्हने प्रेस या प्रकारात, म्हणजे खांद्यापासून डोक्यावर फक्त हातांच्या बळावर, १५० किलो उचलून त्या वेळच्या ऑलिंपिक विक्रमाशी बरोबरी केली. त्यानंतर जेमतेम पावणेसहा फूट उंचीचा, पण रुंदीला दारात मावणार नाही असा पॉल पुढे आला. त्याने १८२.५ किलो वजन डोक्यावर नेले. क्षणभर शांतता पसरली आणि मग प्रेक्षकांनी जल्लोष केला. एरवी अमेरिकेवर टीका करणाऱ्या सोव्हिएत वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले. त्याच वर्षी म्युनिकला झालेल्या जागतिक स्पर्धेत तीन प्रकारांत मिळून ५१२.५ किलो उचलून तो जगज्जेता झाला.

पुढच्या वर्षी मेलबर्नला त्याचे सुवर्णपदक ठरलेलेच मानले जात होते. पण स्पर्धेपूर्वी त्याला कानाचा संसर्ग झाला आणि ताप चढला. वजन घटले, तोल सांभाळणे कठीण झाले. आदल्या वर्षीपर्यंत ज्याच्याजवळ कोणी फिरकू शकत नव्हते, त्या पॉलला अर्जेंटिनाच्या उंबेर्तो सेल्वेत्तीने जेरीस आणले. प्रेसमध्ये सेल्वेत्तीने १७५ किलो उचलले, पॉलने १६७.५. स्नॅचमध्ये दोघांचेही १४५. शेवटच्या क्लीन अँड जर्कमध्ये सेल्वेत्ती १८० वर थांबला आणि त्याची बेरीज ५०० झाली. बरोबरी साधायला पॉलला १८७.५ किलो उचलणे भाग होते. पहिला प्रयत्न फसला. दुसराही फसला. तिसऱ्या आणि अखेरच्या प्रयत्नात बार डोक्यावर गेला आणि तिथे स्थिरावला. दोघांची बेरीज सारखी झाली, की ज्याच्या शरीराचे वजन कमी तो विजेता, असा नियम होता. सेल्वेत्तीचे वजन १४३.५ किलो होते आणि पॉलचे १३७.९. तापाने उतरलेल्या अंगानेच त्याला सुवर्णपदक मिळवून दिले.

मेलबर्नचा निकाल व्यायामशास्त्राच्या दृष्टीनेही बोलका आहे. पॉलची बेरीज आदल्या वर्षीच्या म्युनिकपेक्षा साडेबारा किलोंनी कमी होती. पण ही घट म्हणजे त्याची ताकद नाहीशी झाली असे नव्हे. कमावलेली ताकद आणि एखाद्या दिवशी प्रत्यक्ष दिसणारी ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजारपण, अपुरी झोप, काळजी, उपवास यांनी दुसरी गोष्ट लगेच घसरते. दोन वाईट आठवड्यांवरून आपली प्रगती संपली, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ जण व्यायामच सोडून देतात किंवा त्याहून वाईट म्हणजे दुप्पट करतात.

मेलबर्ननंतर पॉलने ताकदीच्या प्रयोगांसाठी मानधन घ्यायला सुरुवात केली. त्या काळच्या नियमांनुसार हौशी खेळाडू म्हणून त्याचा दर्जा गेला आणि १९६०च्या रोम ऑलिंपिकचे दार बंद झाले. तिथे सोव्हिएत संघाच्या युरी व्लासोव्हने ५३७.५ किलोंचा विक्रम करत सुवर्ण जिंकले. पॉल गावोगावी प्रयोग करत राहिला. १९५७मध्ये त्याने पाठीवर २,८४४ किलो तोलल्याची नोंद गिनीज बुकात अनेक वर्षे होती. पुरेसा पुरावा नसल्यामुळे ती पुढे काढून टाकण्यात आली. स्पर्धेबाहेरच्या त्याच्या इतर आकड्यांवरही वाद होत राहिले. स्पर्धांमधले आकडे मात्र निर्विवाद आहेत.

त्यातही एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. पठारावर अडकलेल्यांना आज ज्या शॉर्टकटचा मोह पडतो, त्या स्टेरॉइड गोळ्यांपैकी सर्वांत गाजलेली डायनाबोल अमेरिकेच्या बाजारात आली ती १९५८मध्ये. पॉलचे मॉस्को, म्युनिक आणि मेलबर्न हे तिन्ही विजय त्याआधीचे आहेत. अशा औषधांनी स्नायू वाढतात हे खरे, पण यकृत, हृदय, रक्तदाब आणि पुरुषांमधली प्रजननक्षमता यांवर त्यांचे घातक परिणाम होतात.

१९५९मध्ये पॉलने ग्लेंडा गार्लंडशी लग्न केले. दोन वर्षांनी या दांपत्याने जॉर्जियातल्या विडेलिया इथे कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठी निवासी संस्था काढली. तुरुंगात जाण्याऐवजी या मुलांना घर, शाळा आणि शिस्त मिळावी, हा त्यामागचा विचार होता. तिच्या खर्चासाठी पॉल वर्षानुवर्षे देशभर फिरला. मंचावर माणसे बसवलेली टेबले पाठीने उचलायची, भाषण करायचे, देणग्या गोळा करायच्या आणि पुढच्या गावी जायचे, असा त्याचा क्रम होता.

लहानपणी थोपवलेला आजार अखेर परतला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची मूत्रपिंडे निकामी झाली. तो पाच वर्षांचा असताना या स्थितीवर कोणताच इलाज नव्हता. मधल्या काळात वैद्यकशास्त्र पुढे गेले होते. १९५४च्या डिसेंबरमध्ये, त्याच्या मॉस्को दौऱ्याच्या सहा महिने आधी, बोस्टनमध्ये जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले होते. १९८३मध्ये पॉलला त्याची बहीण डोरोथी हिने आपले एक मूत्रपिंड दिले. त्या बळावर तो आणखी अकरा वर्षे जगला. एकेकाळी शेकडो किलो पेलणारा हा माणूस अखेरच्या काळात खूप अशक्त झाला होता. १५ ऑगस्ट १९९४ रोजी, वयाच्या ६१व्या वर्षी, विडेलियात त्याचे निधन झाले.

पॉलच्या आहाराची किंवा वजनांची नक्कल करणे कोणाच्याही हिताचे नाही. अतिजड वजन उचलताना श्वास रोखला जातो आणि रक्तदाब क्षणात खूप वर जातो. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा व्यायामाकडे वळू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी प्रथिनांची पावडरही स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

त्याची विचार करण्याची पद्धत मात्र कोणालाही उचलता येईल. आकडा अडला की आधी महिनाभराची झोप, जेवण आणि थकवा यांचा हिशेब मांडावा. थकवा साचला असेल, तर एक आठवडा वजन कमी करून हलका व्यायाम करावा. अनेकदा तेवढ्यानेच आकडा हलतो. थकवा नसेल, तर मागणीतला एखादाच घटक बदलावा. दहाऐवजी पाचच वेळा, पण थोडे जास्त वजन. किंवा वजन तेच आणि खेपा जास्त. किंवा हालचाल जिथे अडते, त्याच टप्प्याचा वेगळा सराव. पाच किलोंची उडी जमत नसेल, तर एका किलोची घ्यावी. जड वजनाचा सराव करताना सुरक्षेसाठी आडव्या दांड्या असलेला रॅक वापरावा किंवा जाणकार माणूस जवळ असावा. आणि काय बदलले, त्याचा परिणाम काय झाला, हे वहीत लिहून ठेवावे. सगळे एकदम बदलले, तर कशाचा उपयोग झाला हे कळत नाही.

पॉलला हे मोजण्यासाठी वहीचीही गरज पडली नसावी. काल खड्डा किती खोल होता आणि आज किती उरला आहे, हे त्याला उतरल्याबरोबर पायांनीच कळत होते.